‘काही झालं म्हणजे?’

पुण्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय सदतीस, खासगी कंपनीत अकाउंट्सला, घरात नवरा, सासूबाई आणि तिसरीतला मुलगा. पत्र सहा पानी आहे, मी थोडक्यात सांगते. यांना लहानपणापासून भयकथांचं वेड, धारप-मतकरी अक्षरशः कोळून प्यायलेल्या. रात्री सगळे झोपले की दिवे घालवून एकट्या भुताचे सिनेमे बघतात आणि नंतर शांत झोपतात. पण सकाळ झाली की वेगळीच बाई. बॉसचं नाव फोनवर दिसलं की पोटात गोळा. दोन वर्षं पगारवाढ रखडलीय, विचारायची हिंमत नाही. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीन-तीनदा बघायचं, कधीकधी जिना उतरून परत वर. मुलाला सोसायटीत खाली एकट्याला सोडत नाहीत. परवा त्याने शाळेत ‘माझी आई’ निबंधात लिहिलं, ‘माझ्या आईला सगळ्याची भीती वाटते म्हणून मी पण जपून राहतो.’ बाईंनी तो कौतुकाने वर्गात वाचून दाखवला आणि यांना रडू आलं. आता शाळेची प्रतापगड-महाबळेश्वर सहल आहे, एक रात्र मुक्काम, फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. नवरा म्हणतो तू भित्री आहेस आणि पोरालाही तसंच करणार. सासूबाई म्हणतात आधी ती भुताची पुस्तकं रद्दीत घाल. यांचे प्रश्न असे: मी निडर कशी होऊ, पुस्तकं बंद करू का, आणि मुलाला पाठवू का? पत्रात एक वाक्य सारखं सारखं येतं: काही झालं म्हणजे?

---

ताई म्हणून लिहिलंयत, तर आधी थोडं रागावून घेते. सहा पानांत ‘मी भित्री आहे’ हे तुम्ही अकरा वेळा लिहिलंय, मी मोजलं. आणि त्याच पत्रात चौथ्या पानावर अगदी सहज, भाजी काय केली ते सांगावं तसं, तुम्ही सांगताय की रात्री एक वाजता अंधारात एकट्या बसून भुताचा सिनेमा संपवला आणि मग कपडे वाळत घालायचे राहिले होते म्हणून गॅलरीत गेलात. मला विचाराल तर असला सिनेमा मी दुपारी, खिडक्या उघड्या टाकून आणि हातात निवडायची मेथी घेऊन बघते, आणि तरी मधे उठून जाते. मग आपल्या दोघींत भित्रं कोण?

म्हणजे मुळात ‘भीती’ नावाची एकच वस्तू आहे आणि ती तुमच्यात जास्त भरलीय, हे जे तुम्ही गृहीत धरलंय ना, तिथेच माझी पहिली शंका आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत, त्यातला एक भयानक. भय कशाकशाने निर्माण होतं याची तिथे एक लांबलचक यादी आहे, आणि मला वाटलं होतं सुरुवात भूत, स्मशान, साप अशी असेल. तर नाही. यादीत सगळ्यात पहिलं काय आहे, तर गुरूचा आणि राजाचा अपराध. मग श्वापदं, रिकामं घर, रान, डोंगर, हत्ती, साप, आणि त्यांच्याच पंगतीत निर्भर्त्सना, म्हणजे कुणीतरी खडसावणं. काळोख आणि घुबड त्याच्याही नंतर. दोन हजार वर्षांच्या आसपासचा ग्रंथ आहे, पण तुमच्या बॉसला पहिल्या रांगेत बसवून मोकळा झालाय. (त्याच वाक्याच्या सुरुवातीला असंही म्हटलंय की भय हे बायकांचं आणि हलक्या प्रकृतीच्या माणसांचं असतं. तेवढा भाग मी साभार परत केलाय.)

तुमची यादी घेऊन बसले मग. बॉस. गॅस. मुलगा खाली खेळताना. सहल. पगारवाढ. यात अंधार नाही, भूत नाही, उंची नाही, पाल-झुरळसुद्धा नाही. या सगळ्यात समान काय आहे सांगू? प्रत्येक ठिकाणी काही बिघडलं तर बोट तुमच्याकडे येणार आहे. गॅसबद्दल तुम्ही काय लिहिलंय बघा, ‘सासूबाई घरात असतात, काही झालं म्हणजे सगळे मलाच विचारतील.’ काय होईल यापेक्षा कोण विचारेल हेच त्या वाक्यात जास्त आहे. तुम्हाला आगीची भीती असेलच, कुणाला नसते, पण त्याहून जास्त भीती ठपक्याची आहे.

आणि म्हणून पुस्तकांचा प्रश्न मी इथेच निकाली काढते. सासूबाईंना सांगा (गोड बोलून, त्या काळजीनेच म्हणतायत) की पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत. गोष्टीतली भीती आणि ऑफिसातली भीती यांत एक मोठा फरक असतो. पुस्तकाची किती पानं राहिलीत ते बोटांना कळतं, नको वाटलं तर मिटता येतं, आणि मुख्य म्हणजे वाड्यातल्या त्या बिचाऱ्या माणसाचं जे काही वाईट होतं त्याबद्दल सकाळी तुम्हाला कुणी जाब विचारत नाही. दिवसातली ती एकच वेळ असेल जेव्हा तुम्ही पोटभर घाबरता आणि तुमच्यावर काही येत नाही. ती का सोडायची? झोप उडत असती तर वेगळं बोलले असते, पण तुमची झोप उडते बॉसच्या मेसेजने.

माझ्या मुलीचं आठवलं. १९९३ साली ‘झपाटलेला’ आला तेव्हा ती पाच वर्षांची. तात्या विंचूने त्या पिढीचं काय केलंय ते त्या वयाच्या कुणालाही विचारा. आमच्याकडे तिच्या आत्याने दिलेला एक गोबऱ्या गालांचा बाहुला होता, त्याला कपाटावर, तोंड भिंतीकडे करून बसवायला लावलं तिने, महिना-दीड महिना. त्या खोलीत एकटी जायची नाही. मग एका रविवारी मी स्वयंपाकघरातून ऐकतेय तर आत आवाज, ही बया बाहुल्याला मांडीवर घेऊन ‘ओम फट स्वाहा’ शिकवत होती, आणि त्याचा उच्चार चुकतो म्हणून त्याला ओरडत होती. कुणीही तिला ‘घाबरू नकोस’ सांगून हे झालेलं नाही. ज्या मंत्राची भीती होती तोच तिने स्वतःच्या तोंडात घेतला. भयकथा वाचणारे थोड्याफार फरकाने हेच करत असतात असं मला वाटतं.

आता ते ‘काही झालं म्हणजे?’

हे वाक्य तुमचं एकटीचं नाही, म्हणजे अगदी शब्दशः नाही. रशियन लेखक चेखवची १८९८ सालची एक गोष्ट आहे, खोळीत राहणाऱ्या माणसाची. बेलिकोव नावाचा ग्रीक भाषेचा मास्तर. लख्ख ऊन असलं तरी रबरी बूट, छत्री आणि कापूस भरलेला कोट घालूनच बाहेर पडणार. छत्रीला खोळ, घड्याळाला खोळ, पेन्सिलीला टोक करायच्या चाकूलासुद्धा खोळ. रात्री डोक्यावरून पांघरूण. आणि कुठे काही नवीन निघालं, नाटक मंडळ म्हणा, वाचनालय म्हणा, की त्याचं ठरलेलं पालुपद, ठीक आहे, चांगलं आहे, पण यातून काही भलतं व्हायला नको.

बेलिकोव वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की ही गोष्ट त्याच्या एकट्याची नाहीच. त्याच्या या ‘काही व्हायला नको’ने सगळ्या शाळेला पंधरा वर्षं धाकात ठेवलंय, शाळेलाच काय, सगळ्या गावाला. तो धटिंगण नव्हता हो, ओरडायचासुद्धा नाही. नुसता काळजी करायचा. शिकलेली, विचार करणारी माणसं त्याच्या काळजीपुढे वाकत गेली, घरगुती नाटकं बंद झाली, दोन पोरांना शाळेतून काढलं गेलं. शेवटी तो मरतो तेही ज्याची त्याला भीती होती त्यातल्या कशाने नाही. जिच्याशी लग्नाचं घाटत होतं ती मुलगी त्याला जिन्यावरून गडगडताना बघून हसली, इतकंच. पडून त्याला काही लागलंसुद्धा नव्हतं. घरी जाऊन झोपला तो उठलाच नाही.

ही गोष्ट तुम्हाला टोचायला नाही सांगितली. तुम्ही बेलिकोव नाही आहात, त्याने कधी कुणाला असं सहा पानी पत्र लिहिलं नसतं. सांगायचं होतं ते ‘काही’ या शब्दाबद्दल. ‘काही’ फार वाईट शब्द आहे. ‘काही झालं म्हणजे’ यातल्या ‘काही’ला ना हात ना पाय ना चेहरा. स्पीलबर्गच्या ‘जॉज’ची (१९७५) गंमत माहिती असेल तुम्हाला, शूटिंगसाठी बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून नाइलाजाने बऱ्याच सिनेमात शार्क दाखवलाच नाही, नुसतं पाणी, तरंगणारी पिंपं आणि ती धुन. आणि त्यामुळेच तो सिनेमा इतका भयंकर झाला. शेवटी शेवटी शार्क समोर येतो तेव्हा, खरं सांगायचं तर, तो रबराचा वाटतो. तुमचा ‘काही’सुद्धा पाण्याखालीच ठेवलाय तुम्ही. त्याला वर काढा. एक वही घ्या, आणि ‘काही झालं म्हणजे’ लिहून पुढचं वाक्य पूर्ण करायचं. काय होईल? कुणाला? किती वाजता? मग कोण काय करेल? आणि मग त्याच्यापुढे काय? तुमच्याकडे भयकथा वाचायचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, कथानकात कुठे भोक आहे ते तुम्हाला लगेच कळेल. ‘मी पगारवाढ विचारली, बॉस चिडले, मग’ मग काय? नोकरीवरून काढतील? ज्यांचं वर्षअखेरचं सगळं क्लोजिंग तुमच्यावर असतं ते?

गृहिणींची पत्रं येतात, परीक्षा देणाऱ्या मुलांची येतात, मुलगी हॉस्टेलला गेली म्हणून झोप न लागणाऱ्या एका वडिलांचं आलं होतं. सगळ्यांना मी आधी हीच वही सांगते. निम्म्या लोकांचा ‘काही’ कागदावर आल्यावर रबराचा निघतो. उरलेल्या निम्म्यांचा खरा निघतो, आणि तेही बरंच, कारण खऱ्या गोष्टीवर इलाज तरी शोधता येतो.

आता नवऱ्याबद्दल. तो म्हणतो तू भित्री आहेस. बरं. पण मला एक सांगा, गॅस कोण बघतं? तुम्ही. दाराला कुलूप लागलं का ते? मुलाची औषधं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आधी आणणं, वीजबिलाची तारीख, पावसाळ्यात गॅलरीचं दार? पत्रात सगळं आहे, तुमच्याच अक्षरात. घरात काळजी करण्याचं एक खातं असतं बघा, आणि ते बहुतेक घरांत एकाच माणसाच्या टेबलावर येऊन पडतं, आणि मग बाकीचे मस्त निर्धास्त असतात आणि त्या माणसाला म्हणतात तू फार टेन्शन घेतेस. तुमच्या नवऱ्याची शांत झोप तुमच्या तीन वेळा गॅस बघण्यावर उभी आहे. तो धाडसी नाहीये, त्याच्या वाटणीची भीती तुम्ही वाहताय. हे मी भांडण लावायला नाही म्हणत, माणूस वाईट वाटत नाही पत्रावरून. पण खातं वाटून घ्या. अर्धं त्याला द्या, आणि दिल्यावर मागून तपासायला जायचं नाही, हे जास्त अवघड आहे.

आणि त्याने तुम्हाला शोलेतलं ते वाक्य ऐकवलं म्हणे, जो डर गया समझो मर गया. त्याला विचारा हे म्हणतं कोण. जय नाही म्हणत, ठाकूर नाही म्हणत. गब्बर म्हणतो! ते पण स्वतःच्याच तीन माणसांना, त्यांच्याबरोबर खदाखदा हसून झाल्यावर, गोळ्या घालून. ज्याचा सगळा धंदाच लोकांच्या भीतीवर चालतो त्याचं तत्त्वज्ञान आहे ते, आणि आपण पन्नास वर्षं ते प्रेरणादायी म्हणून वापरतोय. त्याच माणसाचं नाव घेऊन गावोगावच्या आया पोरांना झोपवतात, हेही तोच सांगतो, आणि किती खूश होऊन सांगतो.

निडर व्हायचंय म्हणता तर आणखी एक सांगते. अमेरिकेतल्या एका बाईंवर संशोधकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केलाय, एका दुर्मिळ आजाराने त्यांच्या मेंदूतला भीतीशी निगडित असलेला बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालाय. त्यांना भीती जवळजवळ वाटतच नाही. सापांच्या दुकानात नेलं तर हात लावायला पुढे. ऐकायला छान आहे ना? पण त्यांच्या आयुष्यात त्यांच्यावर चाकू रोखला गेलाय, बंदूक रोखली गेलीय, कारण कुठून लांब राहायचं ते त्यांना आतून कुणी सांगतच नाही. अगदी निडर माणसाचं जगणं हे असं असतं. तुम्हाला ते नकोय. तुम्हाला फक्त जिन्यातून परत वर यायचं थांबवायचंय आणि बॉसच्या केबिनचं दार वाजवायचंय.

तर जिना. नेदरलँड्समध्ये २००३ साली एक प्रयोग झाला होता, कॉम्प्युटरवर खोटा गॅस, लोकांना तो लावायचा, बंद करायचा आणि तपासायचा, परत परत. निष्कर्ष तुम्हाला आवडणार नाही. सारखं सारखं तपासल्यावर लोकांची आठवण चुकीची झाली नव्हती, पण त्यांचा त्या आठवणीवरचा विश्वास मात्र ढासळला, सगळं धूसर वाटायला लागलं. म्हणजे तिसऱ्यांदा बघून खात्री वाढत नाही, घटते, आणि मग चौथ्यांदा बघावंसं वाटतं. म्हणून एकदाच बघायचं पण नीट बघायचं. बटण फिरवताना तोंडाने मोठ्याने म्हणायचं, ‘मंगळवार, भात झाला, गॅस बंद.’ रोज वेगळं वाक्य, म्हणजे कालची आठवण आजच्यात मिसळत नाही. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचं काम नवऱ्याचं. आणि जिन्यात पाय थांबले तर परत वर जायच्या आधी तिथेच पायरीवर दोन मिनिटं उभं राहायचं. नुसतं उभं. हुरहुर वाढते, मग एका जागी थांबते, मग उतरते. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल, सिनेमात दार करकरतं तेव्हा तुम्ही हेच तर करता, चॅनेल न बदलता बसून राहता. मला ते जमत नाही म्हणून मी मेथी निवडते. तुम्हाला जमतं.

पण तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा हे जास्त असेल, म्हणजे तपासण्यात रोजचा तासभर जात असेल, उशीर होऊन कामावर परिणाम होत असेल, किंवा छातीत धडधडून श्वास कोंडतोय असं वारंवार होत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवून सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत. लगेच जाणं जमणार नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच सांगतेय, नंबर लिहून ठेवा.

बॉसचं एकदम नका करू. आमचं लहानपण कोकणातलं, संडास घरापासून लांब, मधे फणसाचं झाड आणि त्यावर काय काय राहतं त्याच्या गोष्टी. रात्री जायची वेळ आली की आजी म्हणायची ‘भीमरूपी म्हणत जा.’ घाबरू नको असं तिने एकदाही म्हटलं नाही. तोंडाला काम दिलं आणि स्वतः कंदील घेऊन बरोबर आली. पहिल्या पावसाळ्यात अगदी दारापर्यंत. मग फणसापर्यंत. मग विहिरीपर्यंत. मग पडवीत उभी. दुसऱ्या वर्षी ती आतूनच ‘ऐकू येतंय गं’ म्हणायची, बस. रामदासांनी त्या स्तोत्रात भूतप्रेतसमंधादि आणि रोगव्याधी एका ओळीत घालून लगेच पुढच्याच ओळीत ‘नासती तूटती चिंता’ म्हटलंय, म्हणजे समंध आणि चिंता शेजारीशेजारी, हे फार नंतर लक्षात आलं. आजीला मानसशास्त्र वगैरे माहीत असायचं कारण नव्हतं, पण १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावर जो प्रयोग केला तो थोडाफार हाच, मुलगा आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा रोज थोडा जवळ आणायचा, आणि सशाला न घाबरणारी इतर मुलंही आसपास खेळवायची. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं.

तुमचा ससा केबिनमध्ये बसतो. या आठवड्यात एवढंच करा की त्यांना रोजच्या कामाचा एखादा साधा प्रश्न फोन करून विचारायचा, व्हॉट्सअॅप नाही, फोन. आणि वाक्य ‘सॉरी सर डिस्टर्ब करतेय’ने सुरू करायचं नाही. चेखवचीच आणखी एक गोष्ट आहे, एका कारकुनाला थिएटरात शिंक येते आणि पुढे बसलेल्या बड्या साहेबावर उडते. साहेब म्हणतो ठीक आहे. हा परत माफी मागतो. मध्यंतरात परत, दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन परत, तिसऱ्या दिवशी परत, शेवटी साहेब खरंच भडकतो आणि हाकलून देतो. हा घरी जाऊन, कपडेही न बदलता, कोचावर पडतो आणि मरतो. शिंकेने साहेबाचं काही बिघडलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं समोर उभं राहून एखादा रिपोर्ट द्या. तिसऱ्या आठवड्यात मेल टाका की अमुक दिवशी पंधरा मिनिटं हवीत, पगाराबद्दल बोलायचंय. विषय मेलमध्येच सांगून टाका, म्हणजे आत गेल्यावर फिरवाफिरवी करता येणार नाही, ना तुम्हाला ना त्यांना. दोन वर्षांत तुम्ही काय काय जास्तीचं केलंत ते एका पानावर. हात थरथरले तर पान टेबलावर ठेवून बोला. ते नाही म्हणू शकतात हं. म्हणतीलही. तेही वहीत लिहून ठेवा, पुढे काय करायचं त्यासकट.

आता मुलगा, ज्याच्यासाठी हे पत्र खरं लिहिलंत.

एक जुना प्रयोग आहे, १९८५ चा. वर्षाची बाळं. जाड काच टाकलेलं टेबल, काचेखाली थोडा खड्डा दिसतो, फार खोल नाही, साधारण फूटभर, बाळाला कळत नाही पुढे जावं की नाही असा. पलीकडे आई. आईने चेहऱ्यावर आनंद दाखवला तेव्हा १९ पैकी १४ बाळं रांगत काच ओलांडून आली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. हे वाचून तुम्हाला परत रडू येईल म्हणून पुढचं लगेच सांगते, खड्डा काढून सपाट केलं तेव्हा बाळं फारशी आईच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ज्याची त्यांना स्वतःला खात्री होती तिथे आईचा चेहरा लागलाच नाही. म्हणजे तुमचा चेहरा फक्त त्याच्या शंकेच्या जागी काम करतो, सगळीकडे नाही. त्याची खात्री जितक्या गोष्टींत वाढेल तितकी तुमच्या चेहऱ्यावरची ड्युटी कमी. सोसायटीत खाली जाणं हे सुट्टीपासून नाही, उद्यापासून. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, तुम्ही गॅलरीत. आजीचा कंदील.

आणि ते निबंधातलं वाक्य परत वाचा ना. ‘आईला भीती वाटते म्हणून मी पण जपून राहतो.’ तो ‘मला भीती वाटते’ असं म्हणतच नाहीये! आई घाबरू नये म्हणून तो सांभाळून राहतो, असं मला तरी ते वाचल्यावर वाटतं. आठ-नऊ वर्षांचं पोर तुमची काळजी घेतंय. तुम्ही त्याला भित्रं केलं याचं तुम्हाला वाईट वाटतंय, मला वाटतं ते झालेलं नाही, झालंय ते असं की घरातल्या काळजीच्या खात्यात एक छोटा कारकून भरती झालाय, न विचारता. त्याला तेवढं त्या नोकरीतून मोकळं करा. त्याला सरळ सांगता येईल, ‘मला काळजी वाटते हे खरंय, पण ती सांभाळायचं काम माझं आहे, तुझं नाही.’ हसरा मुखवटा लावू नका, मुलांना तो लगेच कळतो. बसजवळ उभं राहून डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, ‘मला तुझी आठवण येईल, तू मजा कर’ ही दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणा.

मग पाठवायचं का? पाठवा असं डोळे मिटून मी म्हणणार नाही. तुमची भीती इथे कामाची आहे, तिला वर्गात बसवून प्रश्न विचारायला लावा. किती मुलांमागे किती शिक्षक? बस रात्रीची घाटातून जाणार का दिवसा? मुक्काम कुठे, रात्री मुलांच्या खोल्यांजवळ कोण झोपणार? गडावर कठड्याशी, बुरुजावर मुलांची रांग कोण सांभाळणार? औषधपेटी, जवळचा दवाखाना, पालकांना फोन कधी? मुलाला गाडी लागते असं लिहिलंयत, ती गोळी कोणाकडे द्यायची? शाळेला विचारताना ओशाळायचं कारण नाही, वर्गातले निम्मे पालक कुणीतरी विचारायची वाट बघत असतात. नीट उत्तरं मिळाली तर पाठवा. ‘अहो मॅडम, काही होत नाही’ एवढंच उत्तर आलं तर नका पाठवू, आणि तेव्हा स्वतःला भित्री म्हणायचं नाही. ‘काही होत नाही’ हा ‘काही झालं म्हणजे’चाच जुळा भाऊ, दोघेही एकसारखेच बिनचेहऱ्याचे.

आणि उत्तरं चांगली आली तर गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर फॉर्म टेबलावर ठेवा, सासूबाईंसमोर वाचून दाखवा, मुलालाही बसवा. मग पेन नवऱ्याच्या हातात द्या. पालकांच्या सहीची एकच जागा असते त्यावर, या वेळी तिथे त्याची सही होऊ दे. त्याला थोडा वेळ लागला सही करायला, तर काही बोलू नका, नुसतं बघा.